इंटरलेस्ड चित्र आणि व्हिडिओ प्रोसेसरची सेटिंग
जुन्या व्हिडिओत कुणी हात हलवला की हाताच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात ना, ते इंटरलेसिंगचं. आपल्याकडच्या जुन्या पाल या टीव्ही पद्धतीत ६२५ ओळी, त्यातल्या चित्राच्या ५७६, पण त्या एकदम येत नाहीत, आधी एक सोडून एक अशा २८८ आणि १/५० सेकंदानं मधल्या २८८. या अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीला हे असंच लागायचं, एलसीडीला मात्र अख्खं चित्र लागतं, म्हणून टीव्हीतला व्हिडिओ प्रोसेसर दोन फील्ड जुळवतो आणि त्यालाच डीइंटरलेसिंग म्हणायचं.

सोलापुरात घरोघरी लग्नाच्या आणि गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या जत्रेच्या) जुन्या कॅसेटी आहेत. संक्रांतीला सिद्धेश्वराचे ७ नंदीध्वज निघतात, उंच काठी डुलत चाललीय, खाली पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, मागं गर्दी, याच्यापेक्षा अवघड चित्र प्रोसेसरला कुठलं द्यायचं!

डीइंटरलेसिंगच्या पद्धती अनेक. 'वीव्ह' म्हणजे दोन्ही फील्डच्या ओळी एकमेकीत विणणं (चादरीच्या गावात हे वेगळं काय सांगायचं), स्थिर देवळाला ते एकदम भारी पण काठी हलली की दातरे पडतात, कारण दोन फील्डमध्ये ती दोन वेगळ्या जागी असते. 'बॉब'मध्ये एकेका फील्डचंच पूर्ण चित्र बनवतात, हालचाल छान गुळगुळीत येते पण बारीक कडा थरथरतात. 'ब्लेंड' दोन्ही फील्ड मिसळतो आणि काठी भुतासारखी दुहेरी दिसते, मला तर हा प्रकार बिलकूल आवडत नाही. मोशन अ‍ॅडॅप्टिव्ह पद्धत जिथं हलतंय तिथं बॉबसारखी आणि जिथं स्थिर आहे तिथं वीव्हसारखी वागते, टीव्हीत असेल तर हीच ठेवावी. कॉम्प्युटरवर व्हीएलसी प्लेअरमध्ये यादिफ २एक्स ही डीइंटरलेसिंगची पद्धत निवडली की सेकंदाला ५० चित्रं मिळतात, साध्या यादिफमध्ये २५च.

टीव्हीतला फिल्म मोड किंवा सिनेमा मोड फक्त सिनेमासाठी. पालमध्ये सिनेमाच्या एका फ्रेमचे दोन फील्ड होतात, दोन्ही एकाच क्षणाचे, म्हणून नुसतं विणलं तरी चालतं. कॅमेऱ्यानं काढलेल्या मिरवणुकीवर हा मोड जबरदस्ती लावला की दातरे आलेच, त्यामुळं ऑटोवर ठेवायचा, आणि ऑटो गडबडत असेल तर मिरवणुकीपुरता बंद.

सगळ्यात मोठा घोळ मात्र टीव्हीत नसून त्याच्या आधीच्या डब्यात असतो. सेट टॉप बॉक्स १०८०पीवर (पी म्हणजे अख्खं चित्र, आय म्हणजे इंटरलेस्ड) असेल तर डीइंटरलेसिंग बॉक्सच करून टाकतो आणि टीव्हीतला चांगला प्रोसेसर नुसता बघत बसतो, म्हणून आउटपुट ५७६आय किंवा १०८०आय करून बघायचं, नंदीध्वजाची काठी जास्त सरळ कशात दिसते ते डोळ्यानंच ठरवायचं, डबा भारी निघाला तर त्यालाच काम द्यायचं. मग शार्पनेस कमी करायचा, तो दातरे आणखी ठळक करतो. नॉइज रिडक्शनही जपून, जास्त झालं की हलत्या माणसामागं शेपूट दिसतं. गेम मोडमध्ये बरेच टीव्ही प्रोसेसिंग कमी करतात, म्हणून तो बंद ठेवायचा.

कॅसेट कॉम्प्युटरवर घेताना फील्डचा क्रम, म्हणजे कुठलं फील्ड आधी येतं, ते बघावंच लागतं. मिनीडीव्हीत (कॅमेऱ्याच्या छोट्या डिजिटल कॅसेटीत) खालचं फील्ड पहिलं, १०८०आयमध्ये वरचं. उलटं झालं की मिरवणूक दोन पावलं पुढं एक मागं अशी लटपटते, पण तेवढा क्रम बदलला की लगेच सरळ चालते. डीइंटरलेस न करताच कुणी चित्राची उंची बदलून फाईल बनवली असेल तर मात्र दोन्ही फील्डच्या ओळी एकमेकीत कालवल्या जातात आणि कुठल्याच सेटिंगनं त्या नीट सुट्या होत नाहीत, मूळ कॅसेट असेल तर ती पुन्हा घ्यायची.