बदकाच्या पिल्लांतील पायांच्या विकृती व निगा

अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या किंवा पहिल्या दोन-तीन आठवड्यांच्या बदकाच्या पिल्लांच्या पायांत उद्भवणारे दोष व त्यांवरील उपाय. फाकलेले पाय, बाहेरच्या बाजूस वाकलेले पाय, टाचेच्या सांध्यावरून कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) निसटणे (पेरोसिस) आणि आत मुडपलेली बोटे हे त्यांतील प्रमुख प्रकार होत. येथे टाचेचा सांधा म्हणजे पायाच्या मध्यावरील तो सांधा, ज्याला पाहणारे सहसा उलटा गुडघा समजतात. खरा गुडघा पिसांआड पोटालगत असतो.

या विकृतींच्या कारणांविषयी मतभेद आहेत, आणि ते मुख्यतः पेरोसिस व वाकलेले पाय या दोन प्रकारांच्या सरमिसळीतून निर्माण झालेले दिसतात. पेरोसिस ही संज्ञा 1930 च्या दशकाच्या आरंभी कोंबड्यांच्या संदर्भात रूढ झाली. त्या काळी पिंजऱ्यातील बंदिस्त पालन, आहारातील जादा फॉस्फरस आणि जलद वाढ यांना दोष दिला जात असे. 1936 मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील विल्गस, नॉरिस व ह्यूझर यांनी आहारातील मँगॅनिजाच्या अभावाशी तिचा संबंध दाखवला, आणि पुढच्याच वर्षी मँगॅनीज कमी असलेल्या कोंबड्यांच्या अंड्यांत आखूड पायांचे भ्रूण तयार होतात असेही आढळले. त्यानंतर कोलीन, बायोटीन व फॉलिक अम्ल या पोषकद्रव्यांची नावे त्या यादीत आली. म्हणजे एकाच बाह्य लक्षणामागे अनेक उणिवा असू शकतात हे मान्य झाले. बदकांपुरता प्रश्न मात्र वेगळ्या दिशेने सुटला. ह्यूझर व स्कॉट यांनी 1953 मध्ये बदकांतील वाकलेले पाय हा निकोटिनिक अम्लाच्या (नियासिनाच्या, म्हणजे ब-गटातील एका जीवनसत्त्वाच्या) न्यूनतेचा परिणाम असल्याचे मांडले. कोंबडीच्या तुलनेत बदकाचे शरीर ट्रिप्टोफॅन या ॲमिनो अम्लापासून नियासीन फारच थोडे बनवू शकते, कारण त्या मार्गातील मधला पदार्थ दुसऱ्या बाजूस वळवणारे एंझाइम बदकाच्या यकृतात अधिक क्रियाशील असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने 1994 मध्ये प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांत बदकाच्या पिल्लासाठी दर किलो खाद्यात 55 मिग्रॅ. नियासीन सांगितले आहे, तर मांसल कोंबडीच्या पिल्लासाठी 35 मिग्रॅ. व अंड्यांच्या जातीच्या पिल्लासाठी 27 मिग्रॅ. पुरेसे मानले आहे. शिवाय मक्यातील बरेचसे नियासीन बद्ध स्वरूपात असल्याने पचनात उपलब्ध होत नाही. त्यामुळे कोंबडीच्या पिल्लांसाठीचे मकाप्रधान तयार खाद्य घालून वाढवलेल्या बदकांत टाचेचा सांधा सुजून पाय वाकू लागल्यास प्रथम नियासिनाचा संशय घेणे अधिक सयुक्तिक ठरते. मँगॅनिजाचा विचार त्यानंतर करावा.

फाकलेल्या पायांची गोष्ट निराळी आहे. हा दोष जन्मतः किंवा पहिल्या एक-दोन दिवसांत दिसतो. उबवण यंत्रातील तापमान वा आर्द्रतेतील चढउतार, यंत्राबाहेर पडण्यास झालेला विलंब आणि गुळगुळीत पृष्ठभाग ही तीनही कारणे दिली जातात. वर्तमानपत्राचा कागद अंथरलेल्या खोक्यात धडधाकट पिल्लांचेही पाय फाकत असल्याने शेवटच्या कारणाला अधिक महत्त्व देणे योग्य वाटते. गोणपाट, जाडसर कापड किंवा रबरी जाळी अंथरल्यास पंज्यांना पकड मिळते.

पाय फाकलेल्या पिल्लास पायबंद घालतात. त्यासाठी स्वतःलाच चिकटणाऱ्या मऊ पट्टीचे वेढे दोन्ही पायांच्या नळ्यांभोवती (टाचेच्या सांध्याखालच्या भागाभोवती), पंज्याच्या जरा वर, देऊन मध्ये पिल्लाच्या नैसर्गिक उभेपणाइतके अंतर ठेवतात. पिल्लाला उभे राहता आले पाहिजे आणि आखूड पावले टाकता आली पाहिजेत. बदकाचे पिल्लू फार झपाट्याने वाढत असल्यामुळे पट्टी रोज सोडून पुन्हा बांधावी लागते. पंजा सुजला किंवा त्याचा रंग बदलला तर वेढा घट्ट झाला असे समजावे. पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरुवात केल्यास बहुधा आठवड्याच्या आत पाय जागेवर येतात. हाडे घट्ट होत गेल्यावर यश कमी मिळते. मुडपलेल्या बोटांना पंज्याच्या आकाराचा पुठ्ठ्याचा तुकडा कापून, त्यावर बोटे पसरून चिकटपट्टीने बसवतात. येथे रिबोफ्लाविनाची (ब-2 जीवनसत्त्वाची) न्यूनताही तपासावी लागते.

कंडरा निसटल्याची खूण बोटाने कळते. टाचेची मागची बाजू सपाट व रुंद लागते, आणि एरवी मधल्या खाचेत असणारी पोटरीच्या स्नायूची कंडरा बाजूला सरकलेली जाणवते. पाय मागे ताणून, कंडरा अंगठ्याने खाचेत ढकलत सांधा हळूहळू वाकवल्यास ती परत बसते, परंतु खाच उथळ असल्यास पुन्हा निसटते. हे काम पशुवैद्याने केलेले बरे.

नियासिनाच्या पूर्तीसाठी मद्यनिर्मितीतील यीस्ट खाद्यात मिसळतात किंवा पशुवैद्याच्या सल्ल्याने जीवनसत्त्व पाण्यातून देतात. भुईमुगाच्या पेंडीतही नियासीन विपुल असते, तथापि ती बुरशीमुक्त असल्याची खात्री हवी: 1960 मध्ये इंग्लंडमध्ये ब्राझीलहून आलेल्या भुईमूग पेंडीने टर्कींसह बदकाची पिल्लेही मोठ्या प्रमाणात दगावली, आणि त्यातूनच अफ्लाटॉक्सिन या बुरशीजन्य विषाचा शोध लागला. बदकाचे पिल्लू या विषाला इतके संवेदनशील आहे की पुढे त्याचाच उपयोग विषपरीक्षणासाठी होऊ लागला.

अधू पिल्लाला पहिल्या आठवड्यात सुमारे 30 ते 32° से. ऊब देतात. ते कळपात तुडवले जाऊ नये म्हणून वेगळे पण इतरांच्या नजरेसमोर ठेवणे चांगले, कारण एकटे पडलेले पिल्लू सतत ओरडते व खाणे सोडते. पाणी व खाद्य बसल्या जागी पोचेल असे असावे. पाण्याचे भांडे उथळ, मात्र चोच नाकपुडीपर्यंत बुडेल इतपत खोल असावे. पायबंद नसताना कोमट पाण्यात काही मिनिटे तरंगू दिल्यास पायांवर भार न येता स्नायूंना व्यायाम मिळतो. यंत्रात उबवलेल्या पिल्लाच्या पिसांना आईच्या अंगावरील तेल लागलेले नसते, म्हणून ते लवकर भिजते व गारठते. हात आधाराला ठेवणे आणि लगेच कोरडे करणे आवश्यक असते.

भारतात बदकपालन मुख्यतः पश्चिम बंगाल, आसाम व केरळ या राज्यांत केंद्रित आहे. केरळातील कुट्टनाड भागात कापणीनंतर भातखाचरांत हिंडवले जाणारे कळप गोगलगाई, किडे व सांडलेले धान्य खात असल्याने त्यांचा आहार विविध असतो. महाराष्ट्रात हा व्यवसाय लहान प्रमाणात असून बदकांसाठी स्वतंत्र खाद्य सहसा मिळत नाही, म्हणून कोंबडीच्या पिल्लांचेच खाद्य वापरले जाते. जन्मतः विकृती असलेले पक्षी, पाय सुधारले तरी, पैदाशीसाठी ठेवत नाहीत.