कार्बन कॅप्चर आणि साठवण : मोठ्या आकारामुळे होणारी बचत

कारखान्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड पकडून, दाबून जमिनीखाली कायमचा ठेवायचा, आणि प्रकल्प मोठा केला की दर टनामागे खर्च उतरतो, त्या बचतीबद्दलची ही नोंद.

आधार दिला जातो तो सहा-दशांश नियमाचा. भांडवली खर्च क्षमतेच्या 0.6 घाताने वाढतो, म्हणून क्षमता दुप्पट केली की तो दुप्पट न होता साधारण दीडपट होतो, म्हणजे टनामागे 24 टक्क्यांच्या आसपास बचत. नियम कुणाचा यावर एकमत नाही, बरेच जण 1947 च्या रॉजर विल्यम्स यांच्या लेखाकडे बोट दाखवतात, 1950 मध्ये चिल्टननी तो अख्ख्या प्लांटला लावला, काहींच्या मते हे सगळं भूमितीतूनच येतं. टाकीची लांबी-रुंदी-उंची दुप्पट केली तर माल 8 पट मावतो आणि पत्रा 4 पटच लागतो, पण त्यातून घातांक 0.67 निघतो, 0.6 नाही, म्हणून हा अनुभवातून आलेला आकडा मानणंच जास्त बरं वाटतं. जिथे एकाच मापाची यंत्रं शेजारीशेजारी वाढवत नेतात तिथे ही बचत फारशी होत नाही. धुरातला कार्बन डायऑक्साइड शोषणारं अमाइन द्रावण तापवून तो परत मोकळा करायला लागणारी वाफही टनाच्या हिशोबातच लागते.

पाइपलाइनमध्ये मात्र फायदा मोठा, दाबातली घट तेवढीच धरली तर दुप्पट व्यासातून साडेपाच पटीच्या आसपास वायू जातो.

सातारा-सांगलीत हे डिस्टिलरीला लागू पडतं. मळी आंबवताना निघणारा वायू जवळजवळ शुद्ध असतो, त्यामुळे वेगळं करण्याचा सगळ्यात महागडा टप्पा वाचतो. लिटरभर इथेनॉलमागे पाऊण किलो धरला तर रोज 1 लाख लिटरची डिस्टिलरी 300 दिवसांत साधारण 22,500 टन देईल, आणि नॉर्वेचा स्लाइपनर साठवण प्रकल्प 1996 पासून बरीच वर्षं वर्षाला 10 लाख टनांच्या घरात साठवत होता, म्हणजे एकट्या कारखान्याने वायू खाली सोडायला स्वतःची विहीर खोदणं परवडणारच नाही. कृष्णाकाठी शेतकरी मिळून एक जॅकवेल (नदीतून पाणी उपसायची विहीर) आणि एक पाइपलाइन करतात तसं कराड, वाळवा, पलूसच्या कारखान्यांना एकत्रच यावं लागेल.

साठवणीसाठी दख्खनचा बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा कातळ, सुचवला जातो. आइसलँडच्या कार्बफिक्स प्रकल्पात बेसॉल्टमध्ये 2012 ला सोडलेल्या वायूपैकी 95 टक्क्यांवर दोन वर्षांच्या आत दगडात बांधला गेला, हे 2016 ला छापून आलं. त्या पद्धतीत वायू पाण्यात विरघळवून सोडतात, त्यामुळे टनामागे 25 टनांच्या आसपास पाणी लागतं आणि प्रकल्प मोठा केला म्हणून ते कमी होत नाही, जत-आटपाडी, माण-खटावसारख्या दुष्काळी भागाच्या शेजारी हा मुद्दा हलका नाही. शिवाय कोयनेत 11 डिसेंबर 1967 चा 6.3 तीव्रतेचा भूकंप होऊन गेलाय, धरणातल्या पाण्याशी त्याचा संबंध बहुतेक अभ्यासक मानतात, म्हणून तिथून लांबचीच जागा बघावी.