रडारसाठी बनवलेलं मटेरियल एमआरआयमध्ये कसं घुसलं

एमआरआयची इमेज अजून क्लिअर हवी तर ठरलेला उपाय म्हणजे मॅग्नेट वाढवा. १.५ टेस्ला (मॅग्नेटची ताकद मोजायचं एकक), मग ३, मग ७, आणि बिलही त्याच चालीने वर चढतं. पण मॅग्नेट तेच ठेवून, शरीरातून येणारा अगदी क्षीण रेडिओ सिग्नलच जास्त पकडता आला तर? मेटामटेरियलवाले, म्हणजे ज्याचे गुण पदार्थातून नाही तर आतल्या बारीक रचनेतून येतात असं मटेरियल बनवणारे, गेली वीसहून जास्त वर्षं याच्यामागे आहेत.

याचं मूळ हॉस्पिटलात नाही, संरक्षण खात्याच्या धंद्यात आहे. ब्रिटनच्या मार्कोनी कंपनीकडे रडार शोषणारं कार्बन फायबरचं मटेरियल होतं, काम भारी करायचं पण का करतं ते कळेना, म्हणून लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचे भौतिकशास्त्रज्ञ जॉन पेंड्री यांना विचारलं. त्यांच्या लक्षात आलं की करामत कार्बनची नाही, त्या बारीक धाग्यांच्या रचनेची आहे. (आपल्या जगदीशचंद्र बोसांनी १८९८ मध्येच पिळलेल्या तागातून विद्युत लहरींचं ध्रुवीकरण, म्हणजे लहर डोलायची दिशा, फिरवून दाखवलं होतं; तिथेही करामत रचनेचीच, हे मात्र फार कोणी सांगत नाही.)

१९९९ मध्ये पेंड्री आणि मंडळींनी नुसत्या तांब्यासारख्या धातूच्या रचनेतून चुंबकीय गुण कसे मिळतील ते मांडलं आणि २००१ मध्ये विल्टशायर, पेंड्री वगैरेंनी ते थेट एमआरआयमध्ये वापरलं. ०.५ टेस्लाला सिग्नल २१ मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे तरंगलांबी जवळजवळ १४ मीटर, एवढ्या लांब लहरीला छोटी वस्तू दाद देईल कशी? म्हणून त्यांनी धातूचा थर दिलेली पातळ फिल्म अळुवडीच्या उंड्यासारखी घट्ट गुंडाळली. थरांमध्ये कपॅसिटन्स (विद्युतभार साठवायची क्षमता) तयार होतो आणि सेंटीमीटरभर जाडीचा रोलसुद्धा त्या फ्रिक्वेन्सीला रेझोनेट होतो, म्हणजे तिच्या तालावर जोरात साथ देतो. अशा रोल्सची जुडी मध्ये ठेवून, पलीकडच्या अंगठ्याचा सिग्नल तो पकडणाऱ्या कॉइलपर्यंत आणून इमेज काढली!

मग सगळीकडे का नाही आलं? कारण स्कॅनर आधी रेडिओ लहरींची जोरदार पल्स सोडतो आणि नंतर शरीरातून येणारा सिग्नल ऐकतो. मटेरियल दोन्ही वेळा लहरी वाढवून ठेवतं, त्यामुळे पल्सचं गणित बिघडतं, वर पेशंटच्या शरीरात उष्णता वाढायची भीती. माझ्या मते खरी अडचण सिग्नल वाढवायची नव्हतीच, वेळेवर गप्प बसायची होती. २००८ मध्ये स्पेनमधल्या सेव्हिलच्या टीमने कपॅसिटर लावलेल्या रिंगांची लेन्स १.५ टेस्लावर चालवून दाखवली, तरी हा गुंता होताच. २०१९ मध्ये बॉस्टन युनिव्हर्सिटीच्या टीमने असं डिझाइन आणलं की जोराची पल्स आली की ते आपोआप रेझोनन्समधून बाहेर पडतं आणि ऐकायच्या वेळी परत जागं होतं, वेगळा स्विच लागत नाही.

आणि हो, १.५ टेस्लासाठी बनवलेलं ३ टेस्लाच्या मशीनवर तसंच नेलं तर उपयोग नाही, तिथे फ्रिक्वेन्सी दुप्पट असते, ट्यूनिंग पहिल्यापासून.