सापसुरळी, आफ्रिकी पट्टेरी

सिन्सिडी कुलातील एक सरपटणारा प्राणी. शास्त्रीय नाव ट्रॅकिलेपिस स्ट्रायाटा. पूर्व व दक्षिण आफ्रिकेतील सॅव्हाना, गवताळ माळ आणि झुडपी रानांत ही सापसुरळी आढळते. झाडाची खोडे, खडक, घरांच्या भिंतीही तिला चालतात. शेपटीसह लांबी साधारण २०–२५ सेंमी. अंग तपकिरी, त्यावर पाठीच्या दोन्ही कडांनी एकेक फिकट पिवळसर पट्टा. पाठीवरचा एकच खवला जवळून पाहिल्यास त्यावर बहुधा तीन उभे कंगोरे दिसतात. खालच्या पापणीत पारदर्शक चकती असते, त्यामुळे डोळा मिटला तरी उजेड आत येतो.

जर्मन प्राणिशास्त्रज्ञ विल्हेल्म पीटर्स यांनी १८४४ मध्ये मोझँबिकमधील नमुन्यांवरून या जातीचे वर्णन केले, ते ट्रॉपिडोलेपिस्मा या प्रजातीत (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट). पुढे दीर्घकाळ ती माबुया प्रजातीत मोडत असे. मात्र माबुया म्हणजे अमेरिका, आफ्रिका व आशिया येथील कंगोरेदार सापसुरळ्यांचे गाठोडेच झाले होते. २००२ मध्ये मॉसफेल्ड व सहकाऱ्यांनी ते चार प्रजातींत सोडवले आणि आफ्रिकी गटाला युप्रेपिस हे नाव दिले. ते प्राण्यांच्या शास्त्रीय नामकरणाच्या नियमांत बसत नाही, असे बाउअर यांनी २००३ मध्ये दाखवल्यावर फिट्झिंगर यांचे १८४३ मधील ट्रॅकिलेपिस (‘खरबरीत खवल्याची’) हे नाव रूढ झाले. आशियाई गटाचे युट्रोपिस हे नावही फिट्झिंगर यांचेच, त्याच वर्षातले. विशेष म्हणजे या आफ्रिकी प्रजातीची एक जाती ब्राझीलच्या किनाऱ्यापलीकडील फर्नांदो दी नोरोन्या बेटावर राहते.

जातीची सीमा अजून वादात आहे. वाल्बर्गी, पंक्टाटिसिमा हे प्रकार पूर्वी उपजाती मानले जात. ब्रॉडली यांच्या मांडणीनंतर ते बहुधा स्वतंत्र जाती धरले जातात. येथे तीच मांडणी स्वीकारली आहे, मात्र वाल्बर्गीचे वेगळेपण अद्याप निःसंशय म्हणता येत नाही. त्यामुळे जुन्या ग्रंथांतील ‘स्ट्रायाटा’विषयीची माहिती नेमकी कोणत्या प्रकाराची, हे प्रदेश पाहूनच ठरवावे लागते.

ही दिनचर असून मुख्यतः कीटक खाते. संकटात शेपूट तुटते व पुन्हा वाढते. मादी एका वेळी साधारण ३ ते ९ जिवंत पिलांना जन्म देते. भारतातील युट्रोपिस कॅरिनाटा ही सापसुरळी मात्र अंडी घालते.