फिनिक्समध्ये घर विकायचं तर आधी शंभर वर्षांचं पाणी दाखवा

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात फिनिक्स शहराच्या पश्चिमेला व्हाइट टँक नावाचे उघडेबोडके डोंगर आहेत आणि त्यांच्या पलीकडे, बकआय गावाच्या हद्दीत, सध्या एक टाउनशिप उभी राहतेय, नाव टेरावालिस. जमीन ३७ हजार एकर, घरं १ लाख, राहायला येणार ३ लाख माणसं, असा एकूण प्लॅन. हॉवर्ड ह्यूजेस कंपनीने २०२१ मध्ये ही जमीन घेतली, २०२२ मध्ये काम सुरू झालं, आणि काही महिन्यांतच म्हणजे जानेवारी २०२३ मध्ये राज्याच्या जलसंपदा खात्याने रिपोर्ट काढला की या हसायम्पा खोऱ्यात जमिनीखाली पुढच्या शंभर वर्षांच्या मागणीला पुरेल एवढं पाणी नाहीये.

लांबून बघणारे लगेच म्हणतात की वाळवंटात एवढं शहर वसवायचंच कशाला. मला हे बोलणं अर्धवट वाटतं. फिनिक्सला वर्षाला जेमतेम १८० ते २०० मिलिमीटर पाऊस पडतो हे खरंय, पण तिथे नवीन घर, मॉल किंवा फॅक्टरी उभी राहणार की नाही हे पावसावर ठरतच नाही, ते ठरतं कुठलं पाणी कुणाच्या नावावर लिहिलंय त्यावर, आणि तो हिशोब आपल्याकडच्या प्रत्येकाने समजून घ्यावा असा आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. सॉल्ट नदीच्या काठी होहोकम या तिथल्या मूळ रहिवाशांनी शेकडो किलोमीटर लांबीचे कालवे हाताने खणून शेती केली होती, साधारण १४५० च्या आसपास ती वस्ती मोडली, आणि १८६७ नंतर नवे लोक आले ते हेच जुने कालवे साफ करून शेती करायला लागले. १९११ मध्ये रूझवेल्ट धरण झालं. १९५० मध्ये शहराची लोकसंख्या फक्त १ लाख ७ हजार होती, मग घरोघरी एसी आले आणि २०२० च्या जनगणनेत हाच आकडा १६ लाखांच्या वर गेला, आजूबाजूची मेसा, चांडलर, स्कॉट्सडेल वगैरे शहरं धरली तर ५० लाखांच्या आसपास. चांडलरला इंटेलच्या फॅक्टऱ्या आहेत त्यामुळे तिथे आपली मराठी माणसंही आहेत.

एवढ्या लोकांना पाणी येतं तीन ठिकाणांहून. एक, सॉल्ट आणि व्हर्दे नद्यांवरची धरणं. दुसरं, कोलोरॅडो नदी, जी शहराच्या जवळपाससुद्धा नाही, तिचं पाणी हवासू तलावातून उचलून ५४० किलोमीटरच्या कालव्याने आणतात आणि वाटेत ते जवळजवळ ८८० मीटर वर चढवावं लागतं, म्हणून हा कालवा चालवणारा सेंट्रल ॲरिझोना प्रोजेक्ट राज्यातला विजेचा सगळ्यात मोठा ग्राहक आहे. आणि तिसरं, जमिनीखालचं.

या तिसऱ्या पाण्यातच सगळी मेख आहे. डोंगरांच्या मधल्या सपाट खोऱ्यांमध्ये वाळू, गोटे आणि गाळ शेकडो मीटर जाड साचलाय आणि त्याच्या कणांमधल्या फटींमध्ये पाणी धरलेलं आहे, त्यातलं बरंचसं हजारो वर्षांपूर्वी मुरलेलं. वरून पडणारा पाऊस इतका कमी आणि ऊन इतकं की नव्याने फार थोडं मुरतं. म्हणजे बोअर मारून आपण जे काढतो ते वर्षाच्या कमाईतलं नसतं, साठ्यातलं असतं. आणि साठा उपसला की फटींमधला पाण्याचा आधार जातो, चिकणमातीचे थर दाबले जातात, जमीन खचते. शहराच्या पश्चिमेला लूक हवाई तळाच्या आसपास कापसाच्या शेतीसाठी इतका उपसा झाला की जमीन काही ठिकाणी १८ फुटांपर्यंत खाली गेली. १९९२ मध्ये जोराचा पाऊस झाला तेव्हा पावसाचं पाणी बाहेर नेणाऱ्या चराचा उतारच उलटा झालेला होता, पाणी मागे फिरलं आणि तळावर शिरलं. दाबलेला थर परत फुगत नाही, तिथे पाणी साठायची जागाच कायमची कमी होते, हे मला सगळ्यात गंभीर वाटतं.

म्हणून १९८० मध्ये ब्रूस बॅबिट गव्हर्नर असताना ॲरिझोनाने भूजल कायदा केला. त्यातला घरांबद्दलचा नियम असा की फिनिक्ससारख्या भागात बिल्डरने सहा किंवा जास्त प्लॉट पाडून विकायचे असतील तर आधी शंभर वर्षं पाणी पुरेल याचं सर्टिफिकेट पाहिजे, किंवा मग ज्या शहराकडे असं मान्यताप्राप्त पाणी आहे त्याचं कनेक्शन पाहिजे. नुसतं आज बोअरला पाणी लागलं म्हणून चालत नाही. शंभर वर्षं उपसा केल्यावरसुद्धा पाण्याची पातळी जमिनीपासून १००० फुटांच्या खाली जाता कामा नये, असं गणिताने दाखवायचं.

हे गणित कसं करतात? सगळ्या खोऱ्याचा कॉम्प्युटरवर नकाशा करून त्याचे छोटे छोटे चौकोन पाडतात, खाली थरांमध्येही भाग करतात. प्रत्येक चौकोनात वाळू किती, चिकणमाती किती, त्यातून पाणी किती वेगाने सरकतं, नदीतून आणि कालव्यातून किती झिरपतं, कुठल्या विहिरीतून किती उपसतात, हे भरायचं, आणि जुन्या विहिरींच्या मोजलेल्या पातळ्यांशी उत्तर जुळतंय का ते आधी तपासायचं. मग मॉडेल पुढे शंभर वर्षं पळवायचं. एखाद्या विहिरीच्या चौकोनातलं पाणी संपलं की ती विहीर मॉडेलमध्ये कोरडी पडते आणि तिच्यावर अवलंबून असलेली मागणी "न भागलेली" म्हणून मोजली जाते. विहिरीच्या खाली आणखी पाणी असेलही, शेजारच्या चौकोनात असेल, पण कायद्याला त्या ठिकाणच्या त्या विहिरीचं उत्तर पाहिजे असतं. बिल्डर लोक या मॉडेलवर टीका करतात ती मुख्यतः याच मुद्द्यावरून, आणि त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही, कारण विहीर खोल करता येते किंवा दुसरीकडे घेता येते. पण खोऱ्याचा एकूण साठा घटतोय हे त्याने बदलत नाही.

१ जून २०२३ ला गव्हर्नर केटी हॉब्ज यांनी सगळ्या फिनिक्स भागाचं उत्तर जाहीर केलं. शंभर वर्षांत ४८.६ लाख एकर-फूट मागणी भागणार नाही, एकूण मागणीच्या साधारण ४ टक्के. एकर-फूट म्हणजे एक एकर जमिनीवर एक फूट उंच पाणी, साधारण १२ लाख ३३ हजार लिटर. आपल्या भाषेत सांगायचं तर ही तूट २१० टीएमसीच्या पुढे जाते, म्हणजे जायकवाडी दोनदा काठोकाठ भरेल एवढी. ४ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, पण सगळं पाणी आधीच कुणाला तरी वाटून दिलंय, त्यामुळे नव्या माणसाच्या वाट्याला काहीच उरत नाही, आणि तेव्हापासून फक्त स्थानिक भूजलाच्या भरवशावर नवीन सर्टिफिकेट द्यायचं बंद झालं. फिनिक्स शहरातली कामं थांबली नाहीत कारण शहराकडे नद्यांचं पाणी आणि मान्यता आहे, आधी सर्टिफिकेट मिळालेले सुमारे ८० हजार प्लॉटही चालू राहिले. अडकली ती कडेची गावं, बकआय, क्वीन क्रीक, म्हणजे जिथे जमीन स्वस्त आणि घरांची मागणी सगळ्यात जास्त.

आता या कायद्याच्या फटी बघा. सहा प्लॉटना नियम लागतो, पाचला नाही. मग काही लोक जमिनीचे पाच-पाच तुकडे पाडून विकतात, ते परत तुटतात, आपल्याकडे गुंठे पाडून विकायचे तसंच. स्कॉट्सडेलच्या शेजारी रिओ व्हर्दे फुटहिल्स अशीच वाढलेली वस्ती, चांगली मोठी घरं, पण नळ नाही, शेकडो घरं टँकरवर. १ जानेवारी २०२३ ला स्कॉट्सडेलने कोलोरॅडोच्या टंचाईमुळे आपल्या हद्दीबाहेरच्या टँकरना पाणी भरून देणं बंद केलं आणि तिथली माणसं कागदी प्लेटमध्ये जेवायला लागली, पावसाचं पाणी साठवून टॉयलेटमध्ये ओतायला लागली. नंतर तात्पुरती व्यवस्था झाली पण तोपर्यंत कित्येक महिने गेले.

दुसरी फट आणखी मोठी. नियम विकायच्या प्लॉटना आहे, त्यामुळे अख्खी वसाहत बांधून सगळी घरं वर्षाच्या कराराने भाड्याने दिली तर शंभर वर्षांचा दाखला लागत नाही. फिनिक्सभोवती अशा भाड्याच्या वसाहती भराभर झाल्या. घर तेच, नळ तेच, पिणारं तोंड तेच, मग भाडेकरूच्या पाण्याला कमी भरवशाचं का ठेवायचं? मला हे सरळ अन्यायाचं वाटतं.

तिसरी गोष्ट कारखाने आणि दुकानं, त्यांनाही हा दाखला लागत नाही. शहराच्या उत्तरेला तैवानची टीएसएमसी कंपनी चिप बनवायच्या फॅक्टऱ्या बांधतेय, २०२० मध्ये घोषणा झाली तेव्हा १२ अब्ज डॉलर म्हणाले होते, मार्च २०२५ पर्यंत तो आकडा १६५ अब्जांवर गेला. तिला लागूनच हेलो व्हिस्टा म्हणून २,३०० एकरांचा प्रकल्प येतोय, ऑफिसं, दुकानं, हॉटेलं, घरं, सगळं. चिप बनवताना सिलिकॉनची चकती प्रत्येक टप्प्यानंतर धुवावी लागते आणि ते पाणी इतकं शुद्ध लागतं की साधं पिण्याचं पाणी त्यापुढे घाण म्हणावं, त्यामुळे फॅक्टरी प्रचंड पाणी घेते. पण एक लक्षात घ्या, हे पाणी धुवून परत गटारात येतं, उडून जात नाही, म्हणून ते गोळा करून साफ करता येतं, आणि तिथे ९० टक्क्यांपर्यंत पाणी परत वापरायचं ठरवून वेगळा प्लांट बांधतायत.

पाण्याचा हिशोब करताना हा फरक सगळ्यात महत्त्वाचा, पाणी वापरलं किती यापेक्षा हवेत किती गेलं. घरात आंघोळ, भांडी, फ्लश हे पाणी पाइपने परत मिळतं. फिनिक्सजवळचं पालो व्हर्दे अणुवीज केंद्र तर शहरांच्या साफ केलेल्या सांडपाण्यावर थंड होतं, जवळ नदी नाही, समुद्र नाही, तलाव नाही, तरी चालतंय. अंगणातल्या हिरवळीला घातलेलं पाणी मात्र गेलं ते गेलंच. म्हणूनच नव्या वसाहतींमध्ये आता लॉन दिसत नाही, अंगणात बारीक लालसर खडी पसरलेली, मधे एखादं मेस्कीट किंवा पालो व्हर्दे जातीचं वाळवंटी झाड, बुंध्याशी ड्रिपची काळी नळी.

आणि शेती? राज्याचं ७० टक्क्यांहून जास्त पाणी शेतीला जातं, त्यात लसूणघास म्हणजे अल्फाल्फा, कापूस अशी तहानलेली पिकं. अशा शेतावर घरं बांधली तर त्याच जमिनीचा पाणीवापर सहसा कमी होतो, वाढत नाही! ॲरिझोनाची लोकसंख्या १९५० च्या दशकापासून कितीतरी पट वाढली तरी एकूण पाणीवापर साधारण तेवढाच राहिला त्याचं मोठं कारण हेच. २०२५ मध्ये कायदा झाला की शेतकऱ्याने सिंचनाचा हक्क कायमचा सोडला तर त्यातला काही भाग त्या जमिनीवरच्या घरांना मिळेल. मला हा मार्ग पटतो, कारण यात कोऱ्या वाळवंटावर नवा उपसा सुरू होत नाही, चालू असलेला कमी होतो. फक्त पिकाला एखादं वर्ष विश्रांती देता येते, घराचा नळ बंद ठेवता येत नाही, हे विसरून चालणार नाही.

पाण्याला निदान कायदा तरी आहे. नवीन वसाहतीमुळे वाढणाऱ्या उष्णतेला तसा दाखला लागत नाही, आणि माणसं मरतायत ती उष्णतेने. २०२३ मध्ये सलग ३१ दिवस कमाल तापमान ४३ अंशांच्या वर होतं, १९ जुलैला पहाटेचं किमान तापमानसुद्धा ३६ अंशांवर थांबलं. त्या वर्षी मॅरिकोपा काउंटीत, म्हणजे फिनिक्स ज्या जिल्ह्यात येतं तिथे, उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदले गेले. वाळवंटातली रात्र थंड असते हे आपण शाळेत शिकतो, कोरड्या स्वच्छ आकाशाखाली जमीन आपली उष्णता भराभर वर सोडते म्हणून. पण डांबर, काँक्रीटचे रस्ते आणि पार्किंग दिवसभर तापून ती उष्णता आत साठवतात आणि रात्री हळूहळू सोडत राहतात, वर एसी घरातली उष्णता बाहेर फेकतात. ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं की नुसत्या एसीच्या गरम हवेने काही भागांत रात्रीचं तापमान एका अंशापेक्षा जास्त वाढतं. तापमान वाढलं की एसी जास्त चालतो, एसी जास्त चालला की तापमान वाढतं. त्यात नवीन घरं म्हणजे लाकडाचा सांगाडा, बाहेरून जाळी मारून त्यावर स्टक्कोचा पातळ गिलावा. वीज गेली तर अशा घरातला गारवा फार वेळ टिकत नाही.

शहर हातावर हात ठेवून बसलेलं नाही. २०२० पासून रस्त्यांवर फिकट करड्या रंगाचा थर मारायला सुरुवात केली, दुपारी असा रस्ता साध्या डांबरापेक्षा सहा-साडेसहा अंशांनी थंड निघाला. पण संशोधकांनी माणसाच्या उंचीवर मोजलं तर भर दुपारी त्या रस्त्यावर उभ्या माणसाला साधारण तीन अंश जास्तच झळ लागत होती, कारण रस्त्याने परत फेकलेलं ऊन थेट अंगावर येतं. रात्रीची हवा थंड झाली ती जेमतेम पाव-अर्धा अंश. माणसाला दुपारी खरा आराम देते ती सावली, आणि झाडाची सावली वाढायला वर्षं लागतात, पाणी लागतं, फूटपाथच्या कडेला मोकळी माती लागते. नवीन प्लॅनमध्ये मात्र चार-चार गाड्यांचे गॅरेज आणि सहा लेनचे रस्ते आधी आखले जातात आणि उरलेल्या पट्टीत झाडं बसवतात.

चौकोन पाडून शंभर वर्षांचं पाणी मोजता येतं तसंच रात्रीचं तापमानसुद्धा प्लॅन पास करायच्या आधी मोजता येतं, हवामानाची तशी मॉडेल्स आहेत आणि ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत वापरली जातात. एवढे रस्ते, एवढं पार्किंग, एवढे एसी घातले तर शेजारच्या जुन्या वस्तीत, जिथे लोकांना विजेचं बिल परवडत नाही, तिथे पहाटे चार वाजता किती अंश वाढतील हे बिल्डरला आधी लिहून द्यायला लावावं, आणि तोच नियम भाड्याच्या वसाहतींना आणि फॅक्टऱ्यांनाही लावावा असं मला वाटतं.