डिस्कवरची जागा मोकळी करणे

संगणकाची डिस्क भरत आली की तिच्यावरच्या नको असलेल्या फाइली हुडकून काढून टाकणे किंवा दुसरीकडे हलवणे, म्हणजे जागा मोकळी करणे. बोलताना आपण याला सरसकट ‘डिलीट मारणे’ म्हणतो. पण डिलीट होणे आणि जागा सुटणे या दोन वेगळ्या घटना आहेत आणि बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो.

विंडोजमध्ये डिलीटची कळ दाबली की फाइल रीसायकल बिनमध्ये जाते; विंडोज ९५ पासून ही सोय आहे. बिन त्याच ड्राइव्हवर असते, त्यामुळे चार जीबीचा व्हिडिओ उडवला तरी ती रिकामी करेपर्यंत मोकळ्या जागेचा आकडा हलत नाही. रिकामी केल्यावरही मजकूर लगेच पुसला जात नाही. फाइल सिस्टिम, म्हणजे कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे याचा हिशेब ठेवणारी व्यवस्था, आपल्या वहीत त्या फाइलचे ब्लॉक (डिस्कचे छोटे तुकडे) ‘रिकामे’ म्हणून टिपून ठेवते, एवढेच. म्हणून जी फाइल कॉपी व्हायला काही मिनिटे घेते, ती डिलीट मात्र चुटकीसरशी होते. हार्ड डिस्कवर जुना मजकूर त्याच जागी नवे काही लिहिले जाईपर्यंत टिकतो आणि रिकव्हरीची सॉफ्टवेअर त्यावरच जगतात. एसएसडीला (चिपवर साठवणाऱ्या डिस्कला) ‘ट्रिम’ आदेशाने हे ब्लॉक आता नकोत असे कळवले जाते, त्यामुळे तिथे परतीची आशा फारशी नसते.

लिनक्स सर्व्हरवर याचा आणखी चकवा देणारा प्रकार भेटतो. कुणीतरी वीस जीबीची लॉग फाइल (प्रोग्रामच्या नोंदींची फाइल) ‘आरएम’ या काढून टाकण्याच्या आदेशाने उडवतो. फाइलींचे आकार मोजणाऱ्या ‘डीयू’च्या हिशेबातून ती जाते, पण डिस्क किती भरली ते सांगणारे ‘डीएफ’ १०० टक्क्यांवरच अडलेले. ज्या प्रोग्रामने ती फाइल उघडून धरली आहे, तो ती सोडत नाही तोवर कर्नलही (लिनक्सचा गाभा) जागा सोडत नाही. प्रोग्राम रीस्टार्ट केला की वीसच्या वीस जीबी परत येतात.

काय काढायचे यापेक्षा जागा गेली कुठे हे शोधणे अवघड. १९९० मध्ये मेरीलँड विद्यापीठातील बेन श्नायडरमन यांच्या प्रयोगशाळेत ८० एमबीची एकच हार्ड डिस्क १४ जण मिळून वापरत. ती भरली की कुणाच्या काय फाइली जागा खातात ते कळेना. त्यातून ‘ट्रीमॅप’ची कल्पना निघाली: पडद्याच्या चौकोनात प्रत्येक फाइलला तिच्या आकाराइतका तुकडा. विनडरस्टॅटसारखी साधने आजही हेच चित्र काढतात आणि त्यात एखादी विसरलेली व्हर्च्युअल मशीनची (संगणकात चालणाऱ्या आभासी संगणकाची) फाइल पाव पडदा व्यापून बसलेली दिसते. टेम्प (तात्पुरत्या) फाइली झाडण्याचा सल्ला सगळेच देतात. त्यातून सुटणारी जागा अशा एका फाइलपुढे बहुधा किरकोळ असते.

विंडोजच्या सी ड्राइव्हवर काही ठरलेले जागाखाऊ असतात. ‘हायबरफिल’ ही हायबरनेशनची, म्हणजे रॅममधले काम डिस्कवर ठेवून संगणक बंद करण्याच्या सोयीची फाइल, रॅम जास्त तशी ती मोठी. हायबरनेशन बंद केले की ती आपोआप जाते. ‘विंडोज डॉट ओल्ड’ म्हणजे मोठ्या अपग्रेडनंतर मागे राहिलेली जुनी प्रणाली. विंडोजचे स्वतःचे घटक साठवणारे ‘विनएसएक्सएस’ फोल्डर मात्र दिसते तेवढे मोठे नसते. हार्ड लिंकमुळे (एकाच फाइलला दोन ठिकाणी नावे असल्यामुळे) त्यातल्या बऱ्याच फाइली दोनदा मोजल्या जातात, आणि ते हाताने उडवले तर विंडोज मोडू शकते. या साफसफाईसाठी विंडोजमधलीच डिस्क क्लीनअप किंवा स्टोरेज सेन्स ही साधने वापरावीत.

नव्या एक टीबीच्या डिस्कवर विंडोज ९३१ जीबीच दाखवते, ती जागा मात्र कुणी खाल्लेली नसते: उत्पादक हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज १०२४ च्या.

साफसफाईलाही थोडी जागा लागते. लिनक्सची एक्स्ट४ फाइल सिस्टिम एरवी ५ टक्के जागा रूटसाठी (सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्यासाठी) राखून ठेवते, ती अशाच वेळी कामी येते. बीटीआरएफएस या लिनक्सच्याच दुसऱ्या फाइल सिस्टिममध्ये प्रत्येक बदल नव्या जागी लिहिला जातो, डिलीटचासुद्धा. डिस्क काठोकाठ भरली असेल तर फाइल काढायला गेल्यावरच ‘जागा शिल्लक नाही’ असे उत्तर मिळू शकते. मग तात्पुरता एक पेन ड्राइव्ह त्याच फाइल सिस्टिमला जोडून, साफसफाई उरकून, तो पुन्हा सोडवून घ्यावा लागतो.