‘हँग’ झालेली व्हर्च्युअल मशीन आणि २० टक्क्यांचा हिशोब

केव्हीएम, म्हणजे एका संगणकावर अनेक व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक) चालवायची सोय, लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्यात, आलं २००७ च्या फेब्रुवारीत, २.६.२० या आवृत्तीबरोबर. तेव्हापासून होस्टच्या, म्हणजे मूळ यंत्राच्या, लेखी व्हर्च्युअल मशीन म्हणजे एक साधी प्रोसेस (चालू प्रोग्रॅम), एवढं पुरे. ती प्रोसेस डिस्कसाठी ताटकळली की आतला सगळा कारभार ताटकळतो.

खरा घोळ ‘हँग’ या शब्दात आहे. गेस्टच्या, म्हणजे आतल्या व्हर्च्युअल मशीनच्या, लॉगमध्ये ‘सॉफ्ट लॉकअप’ दिसला, तर कर्नेलच्या हिशोबाने सीपीयू २० सेकंदांहून जास्त एकाच जागी अडकला होता. अनेकदा होस्टने त्याला सीपीयूच दिलेला नसतो. ‘१२० सेकंदांहून जास्त ब्लॉक्ड’ ही ओळ वेगळी : तिथे टास्क (एक चालू काम) ‘डी’ स्टेटमध्ये, म्हणजे मधे तोडता न येणाऱ्या प्रतीक्षेत, बहुधा डिस्कच्या उत्तराची वाट पाहत असतो. दोन्हींना एकच औषध देऊन, म्हणजे रीबूट करून, माणसं मोकळी होतात आणि आठवड्याने तेच पुन्हा.

यातल्या दुसऱ्या दुखण्याचं मूळ मला एका जुन्या निर्णयात दिसतं. डिस्कवर अजून न गेलेला डेटा मेमरीत किती साठू द्यायचा, ही मर्यादा कर्नेल टक्क्यांत मोजतो. व्हीएम डॉट डर्टी रेशो हे त्या सेटिंगचं नाव. २००७ मध्ये ती ४० वरून १० वर आणली. लिहिण्याचा वेग पडल्याच्या तक्रारी आल्या आणि २००९ मध्ये ती २० केली. आजही तीच आहे. त्याच सुमारास टक्क्यांऐवजी बाइटमध्ये मर्यादा घालायची सोय आली, पण डीफॉल्ट टक्केच राहिले. माझ्या मते चूक तिथे झाली. १०० जीबी मेमरी उपलब्ध असेल तर २० टक्के म्हणजे २० जीबी. सेकंदाला १०० एमबी लिहिणाऱ्या हार्ड डिस्कला ते उपसायला २०० सेकंद लागतात, आणि गेस्टचा धीर १२० ला सुटतो.

२०१२ मध्ये क्यूईएमयू १.२ ने (केव्हीएमबरोबर व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्रॅम) कॅशचं डीफॉल्ट राइटथ्रूवरून (लिखाण डिस्कवर पोचेपर्यंत थांबायचं) राइटबॅक (मेमरीत ठेवून पुढे जायचं) केलं. गेस्टचं लिखाण होस्टच्या पेज कॅशमध्ये, म्हणजे फाइलींचा डेटा तात्पुरता ठेवायच्या मेमरीत, साठू लागलं.

आमच्याकडे रात्री बॅकअप चालू झाला की हेच व्हायचं. पिंगला (नेटवर्कवरून मारलेल्या हाकेला) उत्तर, एसएसएच लॉगिन (दुरून मशीनमध्ये शिरणं) मात्र लटकलेलं. व्हर्श ही व्हर्च्युअल मशीन सांभाळायची कमांड; ‘व्हर्श लिस्ट’मध्ये मशीन ‘रनिंग’. ‘व्हर्श डिस्ट्रॉय’ केलं, म्हणजे मशीन जबरदस्तीने बंद करायला गेलं, तर ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’, कारण ‘डी’ स्टेटमधली प्रोसेस सिगकिललाही (प्रोसेस तिथल्या तिथे मारायच्या आदेशालाही) दाद देत नाही. शेवटी कॅश ‘नन’ केली, म्हणजे होस्टची पेज कॅश टाळली, डर्टी बाइट्सची मर्यादा काही शे एमबीवर आणली आणि बॅकअपचा वेग बांधून दिला.

२०१७ मध्ये ४.१० कर्नेलने मेमरीतून डिस्ककडे पडद्यामागे होणाऱ्या लिखाणाला लगाम घातला. २०१८ च्या अखेरीस ४.२० मध्ये प्रेशरचे, म्हणजे कामं सीपीयू, मेमरी किंवा डिस्कसाठी किती वेळ अडून राहिली याचे, आकडे आले. मशीन अडकलेली असताना होस्टवर ‘प्रॉक’मधल्या ‘प्रेशर’ फोल्डरातली ‘आयओ’ ही फाइल उघडायची. ‘फुल’च्या (सगळीच कामं एकदम अडल्याच्या) ओळीतला आकडा चढलेला असेल तर गेस्टला हात लावू नये, आधी होस्टची डिस्क पाहावी.